‘जर्सीत राहा, न्यूयॉर्कचा टॅक्स वाचवा’ : त्या मेसेजमध्ये खरं किती?

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. दोन ग्रुप इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, जुन्या मराठी मंडळींचे, तिसरा नुकत्याच आलेल्या तरुण मुलामुलींचा. मजकूर थोडक्यात असा: नोकरी न्यूयॉर्कमध्ये असेल तर घर न्यू जर्सीत घ्या, न्यूयॉर्कचा टॅक्स लागत नाही. घरून काम केलेल्या दिवसांचा तर मुळीच नाही. येण्याजाण्याचा त्रास वाटला तर न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समध्ये एक खोली ठेवा, पत्ता मात्र जर्सीचाच द्या. आणि नोकरी जर्सीत असेल तर डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात राहा, तिथे सगळ्यांना फक्त ३.०७ टक्के. शेवटी नेहमीप्रमाणे ‘सर्व मराठी बांधवांना पाठवा’.

माझ्या भाच्याने हा मेसेज वाचून न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये भाड्याची घरं बघायला घेतली आणि मला फोन केला, “मामा, वर्षाला बारा हजार डॉलर वाचतील ना?” त्याला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण या मेसेजच्या भरवशावर माणसं दोन-दोन वर्षांचे भाडेकरार करतायत.

आधी गोंधळाचं मूळ. भारतात पगारावरचा प्राप्तिकर केंद्राचा. राज्याकडे जातो तो व्यवसाय कर, महाराष्ट्रात महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला जास्तीत जास्त २,५००. त्यामुळे कुठल्या राज्यात राहतो आणि कुठल्या राज्यात कमावतो हा प्रश्न आपल्याला कधी पडलेलाच नसतो. इथे बहुतेक राज्यं स्वतःचा प्राप्तिकर लावतात आणि पगारावर पहिला हक्क काम जिथे होतं त्या राज्याचा असतो.

म्हणून पहिला दावा, ‘न्यूयॉर्कचा टॅक्स लागत नाही’, सरळ चूक आहे. जर्सीत राहून न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटनला कामाला जाणारा माणूस न्यूयॉर्कचं अनिवासी रिटर्न भरतो, फॉर्म आयटी-२०३. मग जर्सीचंही रिटर्न भरतो आणि न्यूयॉर्कला दिलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे जर्सीच्या करातून वजावट, घेतो. पण हे क्रेडिट त्याच उत्पन्नावर जर्सीचा जेवढा कर बसला असता तेवढ्यापुरतंच मिळतं. थोडक्यात, दोन राज्यांपैकी ज्याचा कर जास्त, तो तुम्ही भरता.

भाच्याचंच उदाहरण घ्या. पगार दीड लाख डॉलर, बायको सध्या नोकरी करत नाही, रिटर्न एकत्र. न्यूयॉर्क राज्याचा कर साधारण सात हजार. त्याच पगारावर जर्सीचा साधारण ५,४००. सात हजार न्यूयॉर्कला जातात, जर्सी ५,४०० चं क्रेडिट देते आणि जर्सीचं देणं शून्यावर येतं. एकूण गेले सात हजार. त्याचा शेजारी तेवढाच पगार एडिसनमध्येच नोकरी करून घेत असेल तर त्याचे जातील ५,४००. म्हणजे हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला कामाला जाणारा शेजाऱ्यापेक्षा सोळाशे डॉलर जास्तच भरतो.

नवरा न्यूयॉर्कला आणि बायको जर्सीत नोकरीला, अशी घरंही आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिच्या पगारावर न्यूयॉर्क कर घेत नाही हे खरं. पण एकत्र रिटर्न भरताना न्यूयॉर्क आधी दोघांच्या सगळ्या उत्पन्नावर कर काढतं आणि मग त्यातला न्यूयॉर्कच्या वाट्याचा भाग घेतं. तिच्या पगारामुळे त्याच्या पगारावरचा दर चढतो. पहिल्या वर्षी हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

मेसेजमध्ये खऱ्याचा अंश एका ठिकाणी आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. न्यूयॉर्क शहराचा स्वतःचा वेगळा प्राप्तिकर आहे, ३.०७८ ते ३.८७६ टक्के, आणि तो फक्त शहरात राहणाऱ्यांना लागतो. पूर्वी बाहेरून कामाला येणाऱ्यांच्या पगारावरही शहर ०.४५ टक्के घेत असे. १९९९ मध्ये विधिमंडळाने तो फक्त न्यूयॉर्क राज्यातल्या रहिवाशांना माफ केला आणि जर्सी-कनेटिकटवाल्यांवर ठेवला. प्रकरण कोर्टात गेलं, हा भेदभाव टिकला नाही आणि तो कर सगळ्यांसाठीच गेला. तर क्वीन्सऐवजी जर्सीत राहिल्याने भाच्याचा शहराचा कर, साधारण पाच हजार डॉलर, नक्की वाचतो. त्याच्या बारा हजारांतले खरे एवढेच.

पण त्या पाच हजारांसमोर काय ठेवायचं तेही बघा. घर विकत घेतलंत तर जर्सीचा मालमत्ता कर देशात सर्वांत जड करांपैकी आहे. २०२४ मध्ये घरामागे सरासरी दहा हजार डॉलरच्या वर गेला. भाड्याने राहिलात तर घरमालक तो भाड्यातून वसूल करतो. रेल्वेचा मासिक पास आहे. गाडीने मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या खाली शिरलात तर ५ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळेचे नऊ डॉलर वेगळे, पूल-बोगद्यांचा टोल आहेच. आणि वेळ. एडिसनच्या घरापासून मॅनहॅटनमधल्या मिडटाउनच्या ऑफिसातल्या खुर्चीपर्यंत दीड तास धरा, तोही सगळं सुरळीत असेल तेव्हा. हडसनखालून पेन स्टेशनला जाणारे रेल्वेचे दोन बोगदे १९१० चे आहेत आणि २०१२ च्या सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं होतं. एकात बिघाड झाला की सगळी लाइन खोळंबते. आठवड्याला तीन दिवस ऑफिस म्हटलं तरी वर्षाचे चारशेच्या वर तास प्रवासात जातात. लहान मूल घरी असलेल्या माणसाने हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा दावा घरून कामाचा, आणि माझ्या मते सर्वांत घातक, कारण तो तर्काला पटतो. मी जर्सीत माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून काम केलं, न्यूयॉर्कचा संबंध काय? न्यूयॉर्कचा नियम असा: तुमची नेमणूक न्यूयॉर्कच्या ऑफिसात असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी घरी बसला असाल, तर तो दिवस न्यूयॉर्कचाच. कंपनीची गरज म्हणून बाहेर काम करावं लागलं तरच तो दिवस बाहेरचा. एडवर्ड झेलिन्स्की हे कायद्याचे प्राध्यापक मॅनहॅटनमध्ये शिकवायचे आणि उरलेले दिवस शेजारच्या कनेटिकट राज्यातल्या घरी बसून लेखन-संशोधन करायचे. त्या दिवसांचा कर देणार नाही म्हणून ते लढले. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. करकायदा शिकवणारा माणूस जिथे हरला, तिथे आपण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ओळीच्या जोरावर रिटर्न भरू नये. कोविडमध्ये ऑफिसं बंद होती तेव्हाही न्यूयॉर्कने हीच भूमिका ठेवली.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, जर्सीने २०२३ मध्ये कायदा केला ना! केला. पण त्याने न्यूयॉर्क तुमच्याकडून घेतं ते थांबत नाही. जर्सीच्या कंपनीसाठी न्यूयॉर्कमध्ये घरी बसून काम करणाऱ्या न्यूयॉर्ककरांना जर्सीने तसाच उलटा नियम लावला. शिवाय न्यूयॉर्कशी स्वतः भांडून पैसे परत मिळवणाऱ्या जर्सीकरांसाठी एक क्रेडिट ठेवलं. भांडावं तुम्हालाच लागतं.

तिसरा सल्ला, क्वीन्समधल्या खोलीचा. हा पाळला तर शहराच्या करात होणारी बचतही जाते. न्यूयॉर्क शहरात तुमचं कायमस्वरूपी राहण्याजोगं घर असेल आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तुम्ही शहरात असाल, तर मूळ घर जर्सीत असूनही कायद्याने तुम्ही शहराचे रहिवासी ठरता. सकाळी ऑफिसला येऊन संध्याकाळी परत गेलात तरी तो पूर्ण दिवस मोजला जातो. पाच दिवस ऑफिसला जाणारा माणूस सुट्ट्या वजा जाता सव्वादोनशे दिवस सहज भरतो. म्हणजे शहराचा कर अंगावर, आणि दोन ठिकाणचं भाडंही. वर मेसेज म्हणतो तसा पत्ता लपवलात तर ती कर चुकवेगिरी. व्हिसावर असलेल्या मुलांना असला सल्ला देणाऱ्याचा मला राग येतो.

आता पेनसिल्व्हेनिया. जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात १९७० च्या दशकापासून परस्पर करार आहे: पगारावरचा कर फक्त राहत्या राज्याचा. (२०१६ मध्ये जर्सीच्या गव्हर्नरांनी तो मोडायचं जाहीर केलं होतं, दोन-अडीच महिन्यांत निर्णय मागे घेतला.) त्यामुळे जर्सीतल्या प्रिन्स्टनला नोकरी आणि पेनसिल्व्हेनियातल्या न्यूटाउनला घर असेल तर ३.०७ टक्के, इथपर्यंत बरोबर. पण मेसेज पुढचं सांगत नाही. पेनसिल्व्हेनियात अनेक गावं पगारावर स्वतःचा कर घेतात, बहुधा एक टक्का. जर्सीचा कर टप्प्याटप्प्याने चढतो, खालचे टप्पे फार हलके आहेत. जोडप्याचं करपात्र उत्पन्न एक लाख असेल तर जर्सीचा कर होतो २,७५०. पेनसिल्व्हेनियाचा ३,०७० आणि वर गावाचे हजार. दीड लाखाला जर्सी साधारण साडेपाच हजार, तिकडे ६,१०० च्या आसपास. पावणेदोन लाख ओलांडल्यावर पारडं फिरतं. गावाचा कर नसेल तर बरंच आधी. त्यातही ४०१-के या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात टाकलेले पैसे जर्सी करातून वगळते, पेनसिल्व्हेनिया वगळत नाही. आणि नोकरी न्यूयॉर्कची असेल तर हा करार लागूच नाही.

मग कायदेशीरपणे करण्यासारखं काही आहे का? आहे. कंपनीचं जर्सीत ऑफिस असेल आणि तुमचं काम तिथून झालं, तर ते दिवस जर्सीचे धरता येतात. पूर्ण नेमणूकच तिकडे लेखी करून मिळाली तर उत्तम. हजेरीच्या नोंदी मात्र जपून ठेवा, तपासणीत दिवस सिद्ध करायची जबाबदारी तुमची असते.

भाच्याने एडिसनचा विचार सोडला आणि जर्सी सिटीतल्या जर्नल स्क्वेअरला दोन खोल्यांची जागा घेतली, कारण तिथून पाथ ट्रेनने तो मॅनहॅटनला झटकन पोचतो. त्याच्या कंपनीचं छोटं ऑफिस जर्सी सिटीत आहे. आठवड्यातले तीन दिवस तिथून काम करता येईल का, असं त्याने लेखी विचारलंय. तसं झालं तर राज्याच्या करातले आणखी साधारण साडेनऊशे डॉलर वाचतील. कंपनीचं उत्तर अजून यायचंय.