मार्च संपेपर्यंत बंद

घट बसायच्या आधी माळा आवरायचा, हा आमच्या घरातला कायदा आहे आणि तो मीच केलेला असल्यामुळे मलाच पाळावा लागतो. ह्यांना गुडघ्यांचं निमित्त आहे. म्हणजे शिडी धरायला ते, चढायला मी.

यंदा माळ्यावरून लेकीच्या पुस्तकांचा खोका निघाला. लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली त्याला चार वर्षं झाली. खोका रविवारी रद्दीत घालावा म्हणून ओढला, तर वरच्याच पुस्तकातून एक चिठ्ठी खाली पडली. अक्षर माझं. "मार्च संपेपर्यंत बंद. – आई." लेक दहावीला होती तेव्हा तिच्या प्रत्येक गोष्टीच्या पुस्तकात अशी चिठ्ठी घालून मी ते कपाटात कोंडत असे. (बँकेत तीस वर्षं काढली की सील करायचा हात बसतो.) एवढं काय होतं यात, म्हणून शिडीच्या तिसऱ्या पायरीवर टेकून पहिलं पान उघडलं.

ह्यांनी पाऊण तास शिडी धरली.

पुस्तक टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाचं, २००३ सालचं, 'द वी फ्री मेन'. आता मी राजकन्या, राक्षस आणि पोपट यांच्यावर वाढलेली बाई. आमच्या लहानपणी धाडसं करायची ती फुरसुंगीच्या फास्टर फेणेनं. मुलींच्या वाट्याला ताम्हनकरांची चिंगी आली ती सोडली, तर बाकी सगळ्या राजकन्या. राक्षसाला लाडीगोडी लावून त्याचा जीव कुठल्या पोपटात आहे ते काढून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. हेरगिरी तिची, तलवार दुसऱ्याची, आणि वर अर्धं राज्यही त्या दुसऱ्यालाच. तेव्हा कुणाला हे खटकलं नाही. मलाही नाही.

इथे टिफनी एकिंग नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे. मेंढपाळांच्या घरातली, लोणी आणि चीज करण्यात तरबेज. नदीच्या पाण्यातून एक हिरवी, दातवाली बया वर येते. टिफनी किंचाळत नाही. घरी जाते आणि पुस्तकात बघते की ही कोण. पुस्तकात लिहिलेलं असतं, डोळे सूप-प्लेटएवढे. मग ती घरातली सूप-प्लेट काढून मोजते. आठ इंच.

"अहो," मी शिडीवरून म्हटलं, "ही मुलगी पुण्याची आहे."

"उतरतेस का?" हे म्हणाले.

पुढे तर कमालच. ही पोरगी स्वयंपाकघरातला दांड्याचा जड तवा उचलते, धाकट्या भावाला गोळ्यांची पिशवी देऊन आमिष म्हणून नदीकाठी बसवते, आणि बया बाहेर आली की तव्याचा एकच तडाखा. भावाला आमिष म्हणून वापरणं बरं नव्हे, हे मला समजतं. पण मलाही धाकटा भाऊ आहे, त्यामुळे मी त्या परिच्छेदावर जरा रेंगाळले.

मग येतात सहा इंची निळे बुटके. लाल केस, अखंड चोऱ्या, मारामाऱ्या आणि दारू. ते राजाला भीत नाहीत, राणीला भीत नाहीत, मरणाला तर मुळीच नाही. भितात फक्त वकिलांना. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यात कल्पनारम्य असं काही वाटणार नाही.

पंचाईत त्यांच्या भाषेची. स्कॉटिश वळणाची, डोळ्यांनी वाचून काही कळेना. मोठ्यानं वाचलं की मात्र कळायचं. मालवणी कागदावर अडते आणि कानाला बरोबर पोचते, तसं. म्हणून मी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे उभी राहून निळ्या बुटक्यांचे संवाद म्हणू लागले. समोरच्या आजींनी एकदा विचारलं, "कुठलं स्तोत्र गं?" मी म्हटलं, परदेशी आहे.

चादरीमागे अशासाठी, की बारा वर्षं मी या पुस्तकांच्या विरोधात भाषणं केली आहेत. "भुताखेतांचं वाचून पोट भरणार आहे का?" हे वाक्य या घराच्या भिंतींना पाठ आहे. आता चोपन्नाव्या वर्षी, ते पुस्तक बँकेच्या पर्सातून डब्याखाली लपवून नेताना कुणी पाहिलं असतं तर?

मेट्रोत वाचू लागले. आनंदनगरला बसायचं, सिव्हिल कोर्टला उतरायचं, मधली सहा स्टेशनं. पण त्या दिवशी टिफनीचं लग्न ठरत होतं. टोळीच्या रिवाजाप्रमाणे तिला एका निळ्या बुटक्याशी लग्न करणं भाग. करणार काय? नाही म्हणावं तर अपमान, हो म्हणावं तर संपलंच. तर ती म्हणते, मैलभर उंच एक डोंगर आहे. दरवर्षी एक चिमणं पाखरू येऊन त्यावर चोच घासतं. तो डोंगर झिजून वाळूच्या कणाएवढा झाला की त्या दिवशी आपलं लग्न. म्हणजे नकार दिलाच नाही, मुहूर्त दिला! आणि गंमत अशी, की त्या मुहूर्तानं हायसं वाटलं ते नवरदेवालाच. माझ्या तरुणपणी चहा-पोह्यांच्या कार्यक्रमांत "पत्रिका जुळत नाही" यापलीकडे कुणाची प्रतिभा गेली नव्हती. मी मान वर केली तेव्हा गाडी रामवाडीला रिकामी होत होती. परत फिरले. येताना टिफनीच्या पळवून नेलेल्या भावाची सुटका चालू होती, त्यामुळे सिव्हिल कोर्ट पुन्हा निघून गेलं आणि मी गरवारे कॉलेजला उतरले. साहेबांना सांगितलं, ट्रॅफिक. ते बघतच राहिले.

दुसरा भाग खोक्यातच होता, 'अ हॅट फुल ऑफ स्काय'. तो अर्ध्यावर आला आणि भांडं फुटलं. खरं म्हणजे उतू गेलं. लेकीचा फोन, कानाखांद्यात मोबाईल, गॅसवर दूध. दूध फसकन वर आलं आणि माझ्या तोंडून निघालं, "क्रिव्हन्स!"

निळ्या बुटक्यांची आरोळी ती. 'अगं बाई' म्हणायची माझी इतक्या वर्षांची सवय, ती नेमकी तेव्हा कुठे गेली होती कोण जाणे.

पलीकडे शांतता. मग अगदी हळू आवाजात, "आई, कितवा भाग?"

"दुसरा."

"भुताखेतांचं वाचून पोट भरणार आहे का?"

मी ओटा पुसत राहिले. तिनं मनसोक्त हसून घेतलं, तेवढा तिचा हक्कच होता. मग तिनं विचारलं, "तिसरा कुठाय? माझ्या टेबलावर होता. हिवाळा टिफनीच्या प्रेमात पडतो तो."

तिसरा. चार वर्षांपूर्वी ती गेली त्याच आठवड्यात मी टेबल आवरलं होतं. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यासकट.

फोन ठेवल्यावर मी दुसरा भाग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. २१० ग्रॅम. तिसराही साधारण तेवढाच धरू. तेव्हा रद्दीचा भाव किलोला बारा रुपये. म्हणजे 'विंटरस्मिथ' आम्ही दोन रुपये बावन्न पैशांना विकला. बाजारात नवा ४९९. निव्वळ तोटा ४९६ रुपये ४८ पैसे, शिवाय मनस्ताप. हा ताळेबंद मी ह्यांना दाखवला नाही.

सुट्टीच्या दिवशी अप्पा बळवंत चौक गाठला. पहिल्या दुकानात विचारलं, "विंटरस्मिथ आहे का?"

"कितवीचं?"

"कितवीचं नाही हो. माझ्या मुलीचं."

"मुलगी कितवीला आहे?"

"सत्तावीस वर्षांची आहे."

दुकानदारानं सहानुभूतीनं पाहिलं. "एमपीएससी का?"

पुढच्या दुकानात "गाईड हवंय की नुसतं पुस्तक?" डेक्कनच्या फुटपाथवर पहिला भाग तीन प्रती, चौथा एक, तिसरा नाही. म्हणजे लोक पहिला विकतात, पण तिसरा कुणी विकत नाही. विकणारी गावात मी एकटीच. चौथा घेऊन ठेवला. विक्रेत्यानं आपण होऊन पन्नास रुपये कमी केले, तेव्हा माझा चेहरा बराच पडला असणार.

वसुबारसेच्या दिवशी बंगळुरूहून कुरियर आलं. टेबलावर भाजणी भिजवून तयार, सोऱ्या तेल लावून तयार, कढईखाली गॅस. खोकं फोडलं. 'विंटरस्मिथ', कोरं. मुखपृष्ठ उलटलं तर आत चिठ्ठी. अक्षर लेकीचं, पण वळण माझं.

"फराळ होईपर्यंत बंद. – मुलगी."

मी गॅस बंद केला. भाजणीवर ओलं फडकं टाकलं. बाहेर ऑक्टोबरची काहिली होती आणि आत टिफनीनं नको त्या नाचात पाऊल टाकलं होतं. आभाळातून पडणाऱ्या बर्फाच्या एकेका पाकळीला तिचाच आकार.

"चकल्यांचं काय झालं?" हे दारातून म्हणाले.

यंदा आमच्याकडच्या चकल्या विकतच्या आहेत. बऱ्या आहेत, जरा तिखट.