घराला रंग काढताय? मग एवढं कराच

सगळ्यात आधी मुहूर्त. रंग काढायचा तो दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांतच. एप्रिल-मेमध्ये भिंती खडखडीत वाळलेल्या असतात, पेंटर मोकळे असतात आणि लावलेला हात चटकन सुकतो, म्हणून ते दिवस टाळावेत. कामात काही थरार नको का? दसऱ्यानंतर पावसाचं पाणी भिंतीत छान मुरलेलं असतं, गावातला प्रत्येक पेंटर एकाच वेळी पाच घरांत ‘येतोच दहा मिनिटांत’ असतो, आणि चकलीची भाजणी व पुट्टीची भुकटी एकाच ओट्यावर शेजारीशेजारी नांदतात. नवीन घर असेल तर आणखी सोपं. ताज्या गिलाव्याला निदान महिनाभर सुकू द्यावं असं जाणकार सांगतात, पण गृहप्रवेशाच्या पत्रिका छापून झाल्यावर जाणकारांचं कोण ऐकतो!

मुहूर्त ठरला की रंगाच्या दुकानात जा. शक्यतो रात्री साडेआठनंतर, दुकानदाराला शटर ओढायची घाई असताना. शेड कार्ड उघडलं की रंगाकडे बघू नका, खालचं नाव वाचा. बदामी, मोतिया, पिस्ता, अबोली, आकाशी हे आजीच्या वेळचे रंग. ते सांगितले तर दुकानदार तुम्हाला डिस्टेंपरवाला समजेल. ‘मॉर्निंग मिस्ट’ किंवा ‘टस्कन समथिंग’ असलं काही सापडलं की तिथेच थांबा. रंग तोच असेल, पण पाहुण्यांना सांगताना जीभ वळवावी लागते आणि खर्च केल्याचं समाधान मिळतं.

कार्डावरचा तुकडा काडेपेटीएवढा असतो. त्यावरून दहा बाय बाराची खोली ठरवा. छोट्या तुकड्यात जो रंग लाजरा दिसतो तोच चार भिंतींवर चढला की भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि रंग दुप्पट भडक वाटायला लागतो. हलका लिंबोणी म्हणून आणलेला रंग असाच हळदीच्या कार्यक्रमाला निघतो. काही संशयी माणसं छोटा नमुना-डबा आणतात, दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारतात, तो पुठ्ठा सकाळी पूर्वेच्या भिंतीला आणि संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीला टेकवून बघतात. अशा लोकांची लग्नं कशी जमतात, देव जाणे.

दुकानातला उजेड आणि घरातला उजेड यांचं काही देणंघेणं असतं असंही मनात आणू नका. दुकानात साधारण ६५०० केल्विनची पांढरी फटक ट्यूब असते, तुमच्या हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे. तिथे करडा दिसलेला रंग इथे मळकट साबुदाण्यासारखा दिसला तर दिव्यांना दोष द्या आणि दिवे बदला. मग पडदे बदला. मग सोफा. मुंबईत असाल तर समोरच्या इमारतीचं पुनर्विकासाचं काम चालू असताना रंग निवडणं सगळ्यात उत्तम. तिथल्या बांबूंवर ताणलेल्या हिरव्या जाळीतून येणारा उजेड तुमच्या पांढऱ्या भिंतीला दवाखान्याची अशी काही छटा देतो की ती कुठल्याच कंपनीच्या कार्डात मिळायची नाही. जाळी उतरली की रंग पुन्हा वेगळा. एका खर्चात दोन घरं.

आता घरच्यांचं मत घ्या. सगळ्यांचं घ्या, आणि एकत्र बसवून घ्या. मुलीला जांभळा हवा असतो, सासूबाईंना ‘मळ न दिसणारा’, नवऱ्याला ‘काहीही चालेल’ (हा रंग आणल्यावर चालत नाही), नाशिकच्या आत्यांना व्हिडिओ कॉलवर जे दिसतं त्यापेक्षा थोडा गडद. वास्तूवाले काका येऊन सांगतील की ईशान्येला फिकट, आग्नेयेला नारिंगी. बिल्डरने स्वयंपाकघर वायव्येला काढलंय आणि आग्नेयेला संडास, ही किरकोळ बाब त्यांच्या कानावर घालू नका, नाहीतर भिंतच पाडायला सांगतील. दोन आठवडे भांडून जो रंग ठरेल तो क्रीम असेल. तो तसाही ठरणारच होता, पण भांडणाशिवाय ठरलेल्या क्रीमला घरपण नसतं.

कोणी ‘एवढं करून क्रीमच?’ असं नाक मुरडलं तर त्याला जागतिक कल ऐकवा. रंगांचे नमुने आणि क्रमांक ठरवणारी पँटोन नावाची अमेरिकी कंपनी दर वर्षी एक रंग ‘वर्षाचा रंग’ म्हणून जाहीर करते. २०२५ साली त्यांनी ‘मोका मूस’ नावाचा तपकिरी निवडला, जो आपल्याकडे अंगणात सारवून फुकट मिळायचा. २०२६ साठी निवडला ‘क्लाउड डान्सर’, म्हणजे पांढरा. ज्या आजोबांनी दर दिवाळीला चुन्यात चिमूटभर नीळ टाकून भिंती पांढऱ्या केल्या ते काळाच्या किती पुढे होते आणि त्यांनी त्याचे कोणाकडून पैसेही घेतले नाहीत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगडासारखा घट्ट होतो आणि भिंतीला श्वास घेऊ देतो, वगैरे गुण त्यात आहेत. पण भिंतीला टेकलं की सदऱ्यावर उमटतो, त्यामुळे आधुनिक घरात त्याला थारा नाही.

सगळं क्रीम झाल्यावर उरते ती एक भिंत. टीव्हीमागची. तिला ‘हायलाइट’ करायचं असतं, नाहीतर शेजाऱ्यांना कळणार कसं? तिथे सोनेरी टेक्स्चर मारा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे उभ्या पन्हाळ्यांची काळी पॅनल्स लावा, भोवती लाकडी पट्ट्यांच्या चौकोनी चौकटी ठोका, आत एलईडीची पट्टी सोडा. अशा पट्ट्या युरोपातल्या उंच छताच्या जुन्या वाड्यांत शोभतात, म्हणजे नऊ फुटी फ्लॅटमध्ये शोभायलाच हव्यात. प्रत्येक पट्टीच्या वरच्या कडेला बोटभर रुंद कट्टा तयार होतो. त्यावर पहिल्याच महिन्यात धुळीचा थर बसतो आणि फोडणीच्या तेलाने तो हळूहळू घट्ट होतो. कामाच्या मावशी येतात, पदर खोचतात, पन्हाळ्या मोजतात आणि शांतपणे म्हणतात, ‘ताई, हे झाडायचं वेगळे पैसे.’ मावशींना सौंदर्यदृष्टी नाही असं समजून पैसे द्या.

दारं आणि चौकटींचा विचार मात्र शेवटच्या दिवशी करावा, पेंटर ब्रश धुवायला निघाल्यावर. त्याच्याकडे दुसऱ्या घरचा चॉकलेटी ऑईल पेंट उरलेला असतोच. अगदी पांढऱ्याच चौकटी हव्या असतील तर पांढरा ऑईल पेंट लावा. तो काही वर्षांत पिवळा पडतो, आणि गंमत म्हणजे उन्हापेक्षा अंधारात जास्त, त्यामुळे कपाटाआडची चौकट आणि खिडकीजवळची चौकट कालांतराने दोन वेगळ्या घरांतल्या वाटतात. पाण्याचा इनॅमल घेतला तर ही मजा मिळत नाही. रंग देताना बिजागऱ्या, कडी, कुलपाचं भोक, स्विचबोर्डाच्या कडा, सगळ्यावरून ब्रश फिरू द्या. मास्किंग टेप ही पैशाची उधळपट्टी. लावलीच तर आठवडाभर तशीच ठेवा, म्हणजे काढताना खालच्या रंगासकट येते.

जुनी दारं असतील तर आधीचे थर कोरडेच घासून काढा, खिडक्या बंद करून, आणि मुलांना शेजारीच खेळू द्या. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असावं हा केंद्राचा नियम २०१६ चा. म्हणजे तुमच्या दारावरचे आधीचे थर कुठल्याही नियमात अडकलेले नाहीत. ओला सँडपेपर, तोंडाला चांगला मास्क, मुलांची आजोळी रवानगी, हे सगळं घाबरट लोकांसाठी.

आणि ती ओल आलेली भिंत. बेडरूमची, संडासाला लागून असलेली, जिच्यावर दर पावसाळ्यात नवा नकाशा उमटतो. तिच्याकडे लक्षच देऊ नका. लक्ष दिलं तर वरच्या मजल्यावर जावं लागेल. वरचे दार उघडून म्हणतील, ‘आमच्याकडे तर एकदम कोरडं आहे हो.’ खरंच असतं. पाणी खाली आलंय, त्यांच्याकडे कशाला थांबेल? मग सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींत लिहिलंय की बाहेरच्या भिंतीतून आणि गच्चीतून येणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची आणि संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती सभासदाने. त्यामुळे वरचे म्हणणार ती बाहेरची, सेक्रेटरी म्हणणार ती वरच्यांची, आणि बाथरूमच्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप फोडून बघायला कोणीच तयार होणार नाही. या भानगडीत पडण्यापेक्षा पेंटरला सांगा, ‘डँपप्रूफचा एक हात मार आणि वरून रंग ओढ.’ आतलं पाणी बाहेर यायची वाट बंद झाली की ते रंगामागे साठतं, क्षार वर येतात, फुगे धरतात आणि साधारण गणपतीच्या सुमारास हाताएवढा पोपडा गादीवर पडतो. तोवर पेंटरने फोन नंबर बदललेला असतो.

हिशोबाचं फार मनावर घेऊ नका. घर सहाशे फुटांचं आणि पेंटरचं माप दोन हजार फुटांचं का, असं विचारून हसं करून घेऊ नका. भिंती आणि छत मिळून कार्पेट एरियाच्या तिप्पट-साडेतीनपट क्षेत्र भरतंच. विचारायचंच असेल तर पुट्टीचे हात किती, प्रायमर खरंच मारणार का, डबे सीलबंद येणार का, हे विचारता येईल. पण त्याने पेंटरचा मूड जातो, आणि मूड गेला की रोलरचे पट्टे उमटतात.

काम संपलं की रिकामे डबे लगेच भंगारवाल्याला द्या. झाकणावर चिकटवलेल्या कागदावर शेडचा कोड, बेस आणि मशीनमधल्या रंगाचं प्रमाण छापलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवला तर पुढे काही अडचणच येणार नाही. वर्षभराने जावईबापू खुर्ची सरकवताना भिंतीला ओरखडा पाडतील, तेव्हा दुकानात जाऊन बिनधास्त सांगा, ‘तोच आपला क्रीम द्या.’ दुकानदार ‘कुठला?’ म्हणून विचारेल. कुठलाही घ्या. लावल्यावर क्रीम भिंतीवर क्रीम ठिगळ स्पष्ट दिसेल, त्यावर कालनिर्णय टांगा. खिळा ठोकताना गिलावा निघाला, तर पंचांगासकट मोठ्या आकाराचंही कॅलेंडर मिळतं.