"केस होणार नाही" एवढं एक वाक्य माईकवरून बोला, साहेब

26 जूनला आमच्या तालुक्याच्या गावी कॉलेजात पोलिसांचा अमली पदार्थविरोधी कार्यक्रम झाला. मेडिकलवाल्यांच्या वतीनं कुणीतरी पाहिजे म्हणून मला स्टेजवर बसवलं. शाल, नारळ, दीपप्रज्वलन. मग पडद्यावर सडलेली फुफ्फुसं आणि रस्त्यावर पडलेली माणसं. शेवटी शपथ. पोरांचा उजवा हात पुढं आणि डाव्या हातात मोबाईल. मागच्या बॅनरवर प्रायोजक म्हणून ज्यांचा फोटो होता, त्यांचा बायपासला बियर बार आहे. आता हसावं का रडावं, तुम्हीच ठरवा.

"कुणाला काही विचारायचंय?" साहेबांनी विचारलं. सगळं चिडीचूप. खाकीतला माणूस समोर, प्राचार्य बाजूला, दोनशे पोरं भोवती. अशा ठिकाणी कोण उठून म्हणणार, सर, माझा भाऊ गोळ्या खातो?

तिसऱ्या दिवशी रात्री शटर अर्धं ओढलं होतं, तेव्हा एक बाई आली. ओळखीची. धुणीभांडी करते, पोरगी त्याच कॉलेजात. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "भाऊ, बटन सोडायची गोळी असती का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. झोपेच्या आणि घबराटीवरच्या गोळ्यांना पोरं बटन म्हणतात. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम असली नावं. एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर, तिला पैसा लागतो, बटन स्वस्तात भागतं.

पोरगं एकोणीस वर्षांचं, आयटीआयला. "दोन दिस झालं खोलीत कोंडून ठेवलंय. थरथर कापलालंय, भाऊ." ऐकून माझ्याच हाताला घाम सुटला. या गोळ्या महिनोन्महिने खाल्लेल्या माणसाच्या एकदम बंद केल्या तर त्याला फिट येऊ शकते, जीवसुद्धा जाऊ शकतो. त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या असतात. ही एवढी साधी गोष्ट त्या दिवशी स्टेजवरून कुणी बोललं नाही. मी पण नाही. मला दोन मिनिटं दिली होती, ती मी मान्यवरांची नावं घेण्यात घालवली.

तिला म्हटलं, आत्ताच्या आत्ता लातूरला सरकारी दवाखान्यात घेऊन जा, मानसोपचार विभागात. आणि परवाच तर पोलिस येऊन गेले, त्यांना का नाही सांगितलं?

"पोलिसात जाऊन माझ्या हातानं लेकराला आत घालू व्हय?"

माझी ही सगळी पोस्ट या एका वाक्यासाठी आहे. आपल्या कार्यक्रमांतून घराघरात काय पोचतं? नशा केली तर केस होते, एवढंच. म्हणून आई पोराला कोंडते, बाप पट्ट्यानं मारतो, शेजाऱ्याला "काविळ झालीय" म्हणून सांगतात. ज्यांना सगळ्यात आधी कळतं, तेच सगळ्यात आधी तोंड शिवून घेतात.

आणि कायदा काय म्हणतो? एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, 1985 चा. त्यात कलम 64 अ आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं. विकणाऱ्याला ही सवलत नाही, नसायलाच पाहिजे. हे मला एका वकील मित्रामुळं माहीत होतं. मी त्या बाईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "लिहून देता का?"

मी कोण लिहून देणारा? लिहून द्यायची ताकद ज्यांच्याकडं आहे, ते परवा माईकवर होते.

नुसतं भ्यायला घालून काही होत नाही, हे माझं एकट्याचं मत नाही. अमेरिकेत 1983 साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी शाळाशाळांत जाऊन शिकवायचा 'डेअर' कार्यक्रम सुरू केला. देशभर पसरला. नंतर अभ्यास झाले तर कळलं, पोरांच्या नशेवर फारसा फरकच पडत नाही. शेवटी अभ्यासक्रम बदलावा लागला. आपण मात्र तीच भाषणं अजून देतोय, वर नारळ फोडून.

दुसरी गोष्ट कडू आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या पैठण एमआयडीसीत अमली पदार्थांसाठी धाड पडली, ती बाहेरच्यांनी, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबादच्या गुन्हे शाखेनं टाकली. फेब्रुवारी 2025 मध्ये तुळजापूरचं एमडी प्रकरण निघालं, आई भवानीच्या गावचं! एप्रिलमध्ये आमच्याच जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातल्या रोहिण्यात एमडीचा कारखाना सापडला आणि पकडलेल्यांत एक पोलिस कर्मचारी होता. पोरं हे सगळं मोबाईलवर वाचतात. माझ्या काउंटरवर येऊन विचारतात, "काका, मग शपथ कुणी घ्यायची?" यावर साहेबांनी स्टेजवरून आपणहून बोलावं असं मला वाटतं. "आमच्यातलाच एक होता, लाज वाटली" एवढं जरी म्हणाले असते तरी सभागृहातल्या पोरांनी माना वर केल्या असत्या.

तिसरी माझी स्वतःची. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम ही शेड्यूल एच-वन मधली औषधं. 2014 पासून त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं: डॉक्टर कोण, पेशंट कोण, किती गोळ्या दिल्या. तीन वर्षं जपून ठेवायचं. मी ठेवतो. पण पूर्वी ओळखीच्या माणसाला जुन्या चिठ्ठीवर गोळ्यांचा पत्ता काढून दिलाय, एकदा नाही, बऱ्याचदा. "काका, आजीला झोप येईना" म्हटलं की देऊन मोकळा. ती आजी जिवंत होती का, हे कधी विचारलं नाही. मला शाल घालायच्या आधी कुणीतरी माझं रजिस्टर मागायला पाहिजे होतं.

सगळंच वाईट आहे असं नाही. आमच्या बीटला एक हवालदार होते. संध्याकाळी कबड्डीच्या ग्राउंडवर बसायचे, चहा पाजायचे. दोन पोरांना स्वतःच्या गाडीवर बसवून लातूरला दवाखान्यात सोडून आले. डायरीत नोंद नाही, पेपरात फोटो नाही. पोरं त्यांना मामा म्हणायची, आणि ते काय चिडवायला नव्हे. त्यांची बदली झाली. निरोप समारंभ नाही झाला.

कॉलेजातले कार्यक्रम बंद करा असं मी म्हणत नाही. पण बचत गटाच्या बैठकीला जा, सप्ताहात काल्याच्या दिवशी दहा मिनिटं मागून घ्या. आया तिथं असतात. वर्दी घरी ठेवून या. सोबत मानसोपचाराचा डॉक्टर आणा. बॅनरवरचे फोटो कमी करून 14446 हा व्यसनमुक्तीचा आणि 1933 हा एनसीबीचा, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा 'मानस', हे दोन हेल्पलाईन नंबर मोठे छापा. आणि पहिलं वाक्य हे बोला: पोराला उपचाराला घेऊन या, आम्ही केस करणार नाही.

ते पोरगं अकरा दिवस वॉर्डात होतं. आता घरी आहे. गोळ्या टप्प्याटप्प्यानं कमी करणं चालू आहे. आई दर आठवड्याला डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येते, मी रजिस्टरात लिहितो, ती नीट वाकून बघते की मी आकडा बरोबर लिहिला का.

परवा ठाण्यातून मेसेज आला, गणेश मंडळांसाठी कार्यक्रम आहे, मेडिकल असोसिएशनतर्फे यावं. मी उत्तरात कलम 64 अ टाईप करून पाठवलं आणि खाली लिहिलं, हे माईकवर वाचणार असाल तर येतो, शाल नको. निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.