फाईल एक्सप्लोरर बंद पडतो म्हणून संगणक फॉरमॅट करू नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. फोल्डर उघडताच विंडो बंद होत असेल तर संगणकात व्हायरस शिरला आहे असे समजावे, रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणारा प्रोग्रॅम चालवावा, तेवढ्याने भागले नाही तर संगणक फॉरमॅट करावा आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत हार्ड डिस्क टिकत नाही म्हणून तीही बदलून घ्यावी, असा त्याचा आशय आहे. या सल्ल्यापायी लोकांचे पैसे जातात आणि पैशांहून मोलाच्या फाईलीही जातात, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान व्हायरसचे. व्हायरसमुळे असे कधीच घडत नाही असे मी म्हणणार नाही. अँटीव्हायरसची एक पूर्ण तपासणी जरूर करावी. मात्र नेहमीचे कारण वेगळे असते. विंडोजमधला एक्सप्लोरर फक्त फोल्डर दाखवत नाही. टास्कबार, डेस्कटॉप आणि राइट क्लिकचा मेनू हेही त्याच प्रोग्रॅमचे काम आहे. झिप करणारी, पीडीएफ वाचणारी, क्लाउडवर फाईली चढवणारी बाहेरची ॲप्स त्या मेनूत आपापल्या ओळी घालतात आणि त्यासाठी आपली डीएलएल फाईल, म्हणजे प्रोग्रॅमचा एक जोडतुकडा, एक्सप्लोररच्याच पोटात चालवतात. त्यांतली एखादी चुकली की ती एक्सप्लोररला सोबत घेऊनच पडते. टास्कबार आणि आयकॉन क्षणभर नाहीसे होऊन परत येतात ते यामुळे.

बिघाड नेमका केव्हा होतो यावरून पुष्कळ कळते. राइट क्लिक करताच विंडो मिटत असेल तर मेनूतल्या अशा एखाद्या पाहुण्यावर संशय घ्यावा. फोटो-व्हिडिओंच्या एकाच फोल्डरमध्ये तसे होत असेल तर थंबनेल, म्हणजे फाईलीचे छोटे चित्र, तयार करताना गाडी अडते आहे; फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन थंबनेलऐवजी नेहमी आयकॉन दाखवण्याचा पर्याय निवडून पाहावा. एक्सप्लोरर उघडताक्षणीच कोसळत असेल तर तिथेच जनरल या भागातून क्विक ॲक्सेसचा, म्हणजे अलीकडे उघडलेल्या फाईली-फोल्डरांचा, इतिहास पुसून पाहावा. त्याशिवाय विंडोज स्वतः नोंद ठेवतेच. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजमधल्याच साधनात विंडोज लॉग्ज आणि त्याखाली ॲप्लिकेशन उघडले की १००० क्रमांकाची नोंद सापडते आणि तिच्यातल्या ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ या ओळीपुढे ज्या फाईलमध्ये बिघाड झाला तिचे नाव असते. ते नाव विंडोजच्याच एखाद्या फाईलचे निघाले तरी बाहेरचे ॲप निर्दोष ठरत नाही. अशा वेळी निरसॉफ्टचे शेलएक्सव्ह्यू हे मोफत साधन वापरावे. त्यात मायक्रोसॉफ्टबाहेरच्या ओळी गुलाबी दिसतात. त्यांतल्या निम्म्या बंद करून एक्सप्लोरर पुन्हा सुरू करावा, मग उरलेल्या निम्म्या, असे करत दोषी ओळ हाती लागते.

रजिस्ट्री साफ करण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. अशा प्रोग्रॅमांच्या वापराला खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही.

फॉरमॅटच्या सल्ल्याचा मला राग येतो, कारण त्याचा परिणाम मी पाहिला आहे. देवगडजवळच्या एका आंबा बागायतदारांचा लॅपटॉप एका दुकानात याच तक्रारीवर फॉरमॅट झाला. दोन हंगामांचा पेट्यांचा हिशेब, कोणत्या व्यापाऱ्याकडे किती येणे बाकी आहे त्याच्या नोंदींसकट, पुसला गेला. दुकानाने परत देताना पूर्वीचेच झिप करणारे जुने ॲप पुन्हा बसवून दिले होते आणि आठवडाभरात राइट क्लिकवर विंडो पुन्हा मिटू लागली. ते माझ्याकडे आले तेव्हा इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदीत त्याच ॲपच्या डीएलएलचे नाव होते. ॲप काढून नवी आवृत्ती बसवायला दहा मिनिटे पुरली. हिशेब मात्र परत आला नाही.

खाऱ्या हवेच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. आपल्याकडे यंत्रांतले धातूचे जोड गंजतात आणि पावसाळ्यात वीज अचानक गेली की लिहिली जात असलेली फाईल अर्धवट राहू शकते. तसे होऊन विंडोजच्या फाईली बिघडल्याचा संशय असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून सिस्टीम फाईल चेकर चालवावा, म्हणजे इंग्रजीत ‘sfc /scannow’ असे टाइप करावे. त्यात वैयक्तिक फाईलींना हात लागत नाही. डिस्कच जात असेल तर लक्षणे वेगळी दिसतात: फाईल कॉपी करताना संगणक गोठतो, जुन्या पद्धतीच्या डिस्कमधून टकटक ऐकू येते, इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम या भागात ‘डिस्क’च्या नावावर ७ क्रमांकाच्या, म्हणजे बॅड ब्लॉकच्या (डिस्कवरच्या खराब जागेच्या), नोंदी साचतात. यांतले काही दिसले तर दुरुस्तीचा कोणताही प्रयोग करण्याआधी महत्त्वाच्या फाईली दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात आणि मगच नव्या डिस्कचा विचार करावा.