धडधाकट गाडीला धक्का

काल भर सिग्नलवर एका माणसानं माझ्या धडधाकट गाडीला धक्का मारला. गाडी बंद पडली नव्हती, मी बंद केली होती. या दोन्हींत काय फरक आहे ते मी काल दिवसभर सांगत फिरलो, आणि सगळे ‘हो, हो’ म्हणत राहिले.

महिनाभर झाला, मी पेट्रोल वाचवतोय. चाकांत हवा नेमकी ठेवतो. डिकीतला पसारा काढला (त्यात बायकोची छत्रीही गेली, तो विषय घरी अजून चालू आहे). अ‍ॅक्सिलरेटरवर पाय असा ठेवतो, की झोपलेल्या बाळाच्या खोलीत शिरतोय. आणि मोठ्या सिग्नलला इंजिन बंद करतो. दहा सेकंदांच्या वर थांबायचं असेल तर पुन्हा सेल्फ मारायला जेवढं पेट्रोल लागतं, त्याहून जास्त नुसतं घुरघुरत उभं राहण्यात जातं. उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज शून्य!

सिग्नलवरचा उलटा मोजणारा आकडा पाचावर आला की चावी फिरवायची, हा माझा नेम. काल नेमके आकडेच बंद होते. हिरवा लागला, मागच्याचा हॉर्न त्याच्याही आधी लागला. मी चावीला हात घालतोय तोच गाडी आपोआप सरकली. आरशात पाहिलं, तर निळ्या टी-शर्टातले एक गृहस्थ डिकीला खांदा लावून जीव खाऊन ढकलताहेत.

“सेकंड टाका, सेकंड! क्लच सोडा!”

“अहो, गाडी चांगली आहे!”

“सगळे असंच म्हणतात! सोडा क्लच!”

मी चावी फिरवली. पहिल्या सेल्फला इंजिन सुरू झालं, जसं रोज होतं.

“लागली!” दोन्ही हात वर करून त्यांनी आख्ख्या चौकाला सांगितलं. एका स्कूटरवाल्यानं जाता जाता त्यांना अंगठा दाखवला. मला कुणी काही दाखवलं नाही.

मग ते खिडकीशी आले. माझ्याच वयाचे, कदाचित वर्षभर मोठेच. म्हणाले, “काका, बॅटरी गेलीय.”

“बॅटरी ठणठणीत आहे. मी मुद्दाम बंद केली होती.”

“मुद्दाम?”

“पेट्रोल वाचतं.”

पेपरच अवघड होता म्हणून सांगणाऱ्या नापास पोराकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. “बरोबर आहे,” ते मायेनं म्हणाले. “कुठपर्यंत चाललाय?”

ज्यानं धक्का मारला त्याला नाही कसं म्हणणार? फुटपाथवर त्यांची दोन खोकी होती. बाथरूमच्या टाइल्स. मघापासून ते बहुधा धक्का मारण्याजोगी गाडीच शोधत असावेत, असं मला अजूनही वाटतं. छत्रीसुद्धा जिथून हद्दपार केली, त्या डिकीत खोकी बसली आणि गाडीचं बूड खाली गेलं.

पुढे स्पीडब्रेकर दिसला. मी लांबूनच पाय काढून घेतला.

“परत बंद पडली?”

“नाही हो. गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्शनवालं इंजिन पेट्रोल घेतच नाही.”

“त्यापेक्षा न्यूट्रल टाका. मी उतारावर कायम टाकतो.”

न्यूट्रलमध्ये इंजिनाला नुसतं चालू राहायलाही पेट्रोल लागतं, वर उतारावर इंजिन गाडी रोखून धरतं तेही जातं, हे मी समजावून सांगितलं. “पुस्तकात असेल,” ते म्हणाले.

खरं तर मला राग त्यांचा नव्हता. म्हणजे होता, पण एकट्या त्यांचा नव्हता. पेट्रोल जाळून कमावलेला वेग ब्रेक दाबला की चाकांपाशी नुसती ऊब होऊन जातो. म्हणून लांबवर बघत, अलगद चालवायचं. पण रंगच न दिलेला स्पीडब्रेकर लांबून दिसणार कसा? हायवेलाही तेच. शंभरावर वाऱ्याचा विरोध ऐंशीच्या दीडपटीहून जास्त असतो, म्हणून मी ऐंशीवर असतो आणि मागचा माझ्या आरशात दिवे मारत असतो. हळू चालवणारा शिकाऊ असतो, आजारी असतो, नाहीतर फोनवर बोलत असतो. तो पैसे वाचवत असेल, अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही. त्याला हॉर्न तरी मिळतो, नाहीतर धक्का.

घर आल्यावर त्यांनी खोकी उतरवली, आभार मानले, दार आपटलं. मी पहिला गिअर टाकणार, तेवढ्यात हात वर झाला.

“थांबा! लगेच निघू नका. बॅटरी चार्ज होऊ दे. जरा रेस करा.”

“काही गरज…”

“करा हो काका, परत कुठे अडकाल!”

फाटकातून कुणी तरी बाहेर आलं. “यांची गाडी बंद पडली होती,” ते त्यांना सांगू लागले. खोकी तिथेच ठेवून दोघंही काळजीनं माझ्याकडे बघत उभे राहिले.

समोरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा तळहातानं झाकला, आणि उभ्या गाडीत मी रेस करत बसलो.