वहीनं शुगर उतरते का?

नमस्कार. आमच्या वॉर्डात मी इंटर्नना पेशंटची कहाणी एका वहीत लिहायला लावते. त्यावर ब्लॉगवर आलेली तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंटर्नना पेशंटच्या कहाण्या लिहायला लावण्यापेक्षा औषधं नीट शिकवा, सरकारी ओपीडीत डॉक्टर मान वर करून बघत नाहीत, तिथं वह्या कसल्या भरताय, आणि आमच्या दुखण्यावर तुमचं साहित्य कशाला? तिसरा मुद्दा सगळ्यात टोकदार. त्याकडे शेवटी येते.

आमच्या वॉर्डात एक ऊसतोड करणाऱ्या बाई दाखल होत्या (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). शुगर चारशेच्या वर. इंटर्ननं केसपेपरवर लिहिलं, ‘इन्सुलिन नियमित घेत नाही.’ खरंच होतं ते. पण वहीत पेशंटचं म्हणणं पेशंटच्याच शब्दांत उतरवायचं असतं, म्हणून संध्याकाळी तो पुन्हा खाटेपाशी स्टूल ओढून बसला. बाई म्हणाल्या, “सुई टोचली की अर्ध्या तासात खावं लागतं. रातच्याला गाडी आली की भरायला उठायचं, मग भाकरीचा काय नेम? हातात कोयता असताना चक्कर आली तर?”

म्हणजे त्या विसरत नव्हत्या, विचार करून टाळत होत्या. आणि त्यांची भीती पुस्तकाप्रमाणेही रास्त होती: जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर शुगर एकदम खाली जाते. आम्ही दोन वेळचं इन्सुलिन बंद करून दिवसातून एकदाच घ्यायचं, जेवणाच्या वेळेशी घट्ट न बांधलेलं इन्सुलिन सुरू केलं. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, फ्रिज कुठला? बाटली माठाजवळ गार जागी ठेवायला आणि साखरेची पुडी कायम कनवटीला लावायला सांगितलं. औषधं शिकवा म्हणता ना? औषध बदललं ते या चार वाक्यांमुळे.

हे खूळ माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. 1950 च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मनोविश्लेषक मायकेल बालिंट साध्या जनरल प्रॅक्टिशनरांना एकत्र बसवून एकेका पेशंटबद्दल बोलतं करत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. रीटा शेरॉन यांनी 1990 च्या दशकात विद्यार्थ्यांना केसपेपरखेरीज दुसरा, साध्या भाषेतला कागद लिहायला लावला. इतकं लांब तरी कशाला जायचं? रायगड जिल्ह्यात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या पेशंटच्या उशाशी बसून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय टिपत राहिले. त्या नोंदी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. त्यांनी कहाण्या लिहिल्या असं मी म्हणत नाही. पण पेशंटपाशी थांबायची सवय तीच.

ओपीडीबद्दल मात्र तुमच्याशी भांडण नाही. रांग दाराबाहेर गेलेली असताना कोणी वही उघडत नाही, उघडूही नये. म्हणून आम्ही वॉर्डातला एकच पेशंट घेतो, तोही आठवड्यातून एकदा. ओपीडीत एवढंच सांगते, पेशंटला पहिलं वाक्य पुरं करू द्या. 1984 च्या एका गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात डॉक्टरांनी सरासरी 18 सेकंदांत पेशंटला मधेच तोडलं होतं, आणि तिथं आपल्यासारखी गर्दीही नव्हती.

आणखी एक, जे तुम्ही लिहिलं नाहीत पण लिहायला हवं होतं. अशा लिखाणानं पेशंट लवकर बरे होतात याचा पुरावा तोकडा आहे. बरेचसे अभ्यास डॉक्टरांनाच प्रश्नावली देऊन त्यांची सहानुभूती मोजतात. शिवाय 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ‘ॲटकॉम’ (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा भाग) आलं, रिफ्लेक्शन, म्हणजे अनुभवावर स्वतः विचार करून केलेलं टिपण, लिहिणं सक्तीचं झालं, आणि एकाचं रिफ्लेक्शन दहा जणांच्या लॉगबुकात दिसू लागलं. सही मिळाली की विषय संपला! त्या लिखाणाची बाजू मी घेणार नाही. लिहिलेलं चौघांत वाचलं गेलं आणि कोणीतरी “हे तिनं सांगितलं की तुला वाटलं?” असं विचारलं, तरच त्याचा उपयोग.

आता तिसरा मुद्दा. वही वॉर्डाबाहेर जात नाही. तिच्यात नाव, गाव, खाट नंबर नसतो. ब्लॉगवर जे येतं ते आधी त्या पेशंटला वाचून दाखवते, आणि डिस्चार्ज झाल्यावरच, म्हणजे “नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील” हा धाक उरत नाही. वरच्या बाईंनी हसून होकार दिला. दुसऱ्या एका आजोबांनी नको म्हटलं. त्यांच्यावरचा लेख मी पुसून टाकला.