शेक्सपिअर खोटा आणि अर्ल खरा?

एक जुनाच फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. म्हणे शेक्सपिअर हा हातमोजे शिवणाऱ्याचा अर्धशिक्षित पोरगा, किरकोळ नट. सहीसुद्धा धड येत नव्हती, मृत्युपत्रात एकही पुस्तक नाही. नाटकं लिहिली अर्ल ऑफ ऑक्सफर्ड या बड्या इंग्रज सरदारानं, नाव वापरलं याचं.

बाप हातमोजे शिवायचा, खरंय. पण तोच जॉन शेक्सपिअर १५६८ मध्ये त्यांच्या गावाचा, स्ट्रॅटफर्डचा, नगरप्रमुख झाला, हे सोयीस्कर गाळलंय. गावात ग्रामर स्कूल होतं, तिथे पोरांकडून लॅटिन घोकून घेत. शाळेचे त्या काळचे पटच उरले नाहीत, मग नाव सापडणार कुठून?

सह्यांचं स्पेलिंग बदलतं, कारण तेव्हा स्पेलिंगला नियम नव्हता. त्याच काळातला नाटककार, केंब्रिजचा पदवीधर मार्लो, त्याची एकुलती एक सही 'मार्ली' अशी आहे. त्याला कुणी अडाणी म्हणत नाही.

अर्लसाहेब वारले १६०४ मध्ये, शेक्सपिअरची नवी नाटकं मात्र त्यानंतरही येत राहिली. 'नाटकं आधीच लिहून ठेवली होती' ही त्यावरची ठरलेली पळवाट. पण शेक्सपिअरनं जॉन फ्लेचर या नाटककारासोबत लिहिलेल्या 'द टू नोबल किन्समेन'मध्ये एक नाच आहे, तो फेब्रुवारी १६१३ मध्ये दरबारात झालेल्या एका खेळातून उचललेला. अर्लनं तो बघितला कधी?

आता 'किरकोळ नट'. मला तर इथेच फॉरवर्डचं पितळ उघडं पडलेलं दिसतं. १६०० साली छापलेलं 'मच अडू अबाउट नथिंग' उघडा. चौथ्या अंकात डॉगबेरी नावाचा विनोदी हवालदार बोलतो, पण संवादाआधी पात्राचं नाव नाहीच, छापलंय 'केम्प'. विल केम्प हा शेक्सपिअरच्या नाटक कंपनीचा विनोदी नट. त्याच्या जोडीदाराच्या जागी 'काउली', तोही कंपनीतलाच. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर पात्र नव्हतं, रोज तालमीला भेटणारा माणूस होता. पुढे केम्प कंपनी सोडून गेला आणि गाता गळा असलेला रॉबर्ट आर्मिन आला. लगेच 'ट्वेल्फ्थ नाइट'चा विदूषक गाऊ लागतो! कुणाला काय झेपतं ही माहिती वाड्यात बसून मिळत नाही, त्यासाठी विंगेत उभं राहावं लागतं.

राहिलं मृत्युपत्र. घरातल्या सामानाची यादी वेगळी व्हायची, ती हरवलीय. पुस्तकं नाहीत, पण बर्बेज, हेमिंग्ज आणि कॉन्डेल या कंपनीतल्या तिघांना अंगठ्या घ्यायला प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवलेत. १६२३ पर्यंत बर्बेज वारला होता. उरलेल्या दोघांनी त्या वर्षी ३६ नाटकांचा जाडजूड ग्रंथ छापून आणला. त्यात नटांची यादी आहे, पहिलंच नाव विल्यम शेक्सपिअर.